पारख पडद्यावरच्या शब्दाची

गोंदिया शहराजवळील नागरा या गावी प्राचीन शिवमंदिर आहे. महाशिवरात्रीला तेथे पंचक्रोशीतील भाविकांची रीघ लागते. या मंदिराची माहिती मिळवावी म्हणून एखाद्या विद्यार्थ्याने मोबाइलवर शोध घेतला, तर एक शब्द हमखास त्याच्या समोर येतो : हेमाडपंती. विद्यार्थी तो शब्द प्रकल्पाच्या वहीत उतरवून घेतो, खाली एक चित्र चिकटवतो, गुरुजी बरोबरची खूण करतात आणि विषय संपतो.

वास्तविक विषय तेथून सुरू व्हावयास हवा. हेमाद्री पंडित ऊर्फ हेमाडपंत हा देवगिरीच्या यादवांचा, महादेव आणि रामचंद्र या राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाच्या उत्तरार्धाचा. चुन्याचा आधार न घेता दगडात दगड बसवून उभारलेल्या जुन्या मंदिरांना महाराष्ट्रात सरसकट त्याचे नाव दिले जाते. परंतु ठाणे जिल्ह्यातील अंबरनाथच्या शिवमंदिरात जो शिलालेख आहे, तो शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा. हेमाडपंताच्या कारकिर्दीपूर्वी दोनशे वर्षे जे मंदिर उभे होते, त्यालाही लोक हेमाडपंतीच म्हणतात. याचा अर्थ असा की, हा शब्द बांधणीची एक तऱ्हा सांगतो. मंदिर कोणी बांधले आणि केव्हा बांधले, हे तो सांगत नाही. तरीही दहा ठिकाणी तोच शब्द वाचला की वाचणाऱ्याला दहा साक्षीदार मिळाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात साक्षीदार एकच असतो. बाकीच्या नऊ जणांनी त्याचे उतरवून घेतलेले असते.

मंदिराच्या काळाविषयी अशी गफलत झाली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. पण जे वाचले ते न पारखता खरे मानण्याची सवय एकदा जडली, की ती केवळ मंदिराच्या माहितीपुरती राहत नाही.

एका रविवारची गोष्ट

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा. रविवारचा आठवडे बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढा भागातून आलेले, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जण तेथे होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या समाजाचा पिढीजात शिरस्ता. त्या दिवसांत मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश मोबाइलवरून सर्वत्र पसरलेले होते. कोणीतरी या पाच जणांवर संशय घेतला. जमाव गोळा झाला. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मरेपर्यंत मारहाण करण्यात आली. पाचही जण निरपराध होते. त्याच रात्री मालेगावातही याच संशयावरून एका कुटुंबाभोवती जमाव जमला होता. त्यात लहान मूलही होते. तेथे पोलीस वेळेवर पोहोचले म्हणून ते कुटुंब वाचले.

त्या उन्हाळ्यात देशभर जी चित्रफीत सर्वाधिक फिरली, तीत दुचाकीवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत होते. दृश्य खरेच अंगावर काटा आणणारे होते. ही चित्रफीत मुळात पाकिस्तानातील कराची शहरात तयार झालेली जनजागृतीची फिल्म होती. मुलांवर लक्ष ठेवा, हे पालकांना सांगण्यासाठी ती बनविलेली. मूळ फिल्मच्या शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांसाठीचा संदेश दाखवतात. कोणीतरी तो शेवट कापून टाकला. उरलेला तुकडा हातोहाती गावोगाव गेला आणि प्रत्येक ठिकाणी तो ‘आपल्याच भागातला’ झाला.

१७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावाच्या हिंसेविरुद्ध केंद्र व राज्य सरकारांना सविस्तर निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांपेक्षा अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यास मर्यादा घातली. न्यायालयाचे निर्देश झाले, यंत्रावर बंधन आले. परंतु यंत्र ज्याच्या हातात आहे, त्याच्या मनाला वळण लावण्याचे काम न्यायालय करू शकत नाही. ते शाळेचे आणि घराचे काम आहे.

गल्ल्यातले नाणे

व्यापारी कुटुंबांना अफवेची झळ वेगळ्या रीतीने लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदीनंतरच्या आठवड्यात मीठ संपत चालल्याची आवई उठली आणि अनेक शहरांत किराणा दुकानांपुढे रांगा लागल्या. तीन बाजूंनी समुद्र असलेल्या या देशात मीठ एका रात्रीत संपेल कसे, हा साधा प्रश्न रांगेतल्या बहुतेकांना सुचला नाही. याच सुमारास दोन हजारांच्या नव्या नोटेत जमिनीखालूनही ठावठिकाणा कळविणारी चिप असल्याचे सांगितले जात होते. सुशिक्षित माणसेही ते परस्परांना गांभीर्याने ऐकवीत.

दहा रुपयांच्या नाण्याची कथा तर कित्येक दुकानांत अजून चालू आहे. अमुक इतक्या रेषांचे नाणे खरे, तमुक रेषांचे खोटे, असा एक संदेश फिरला आणि ग्राहक नाणी घेईनासे झाले, मग दुकानदारही घेईनासे झाले. अखेर रिझर्व्ह बँकेने १७ जानेवारी २०१८ रोजी स्पष्ट केले, की दहा रुपयांची नाणी तोवर चौदा वेगवेगळ्या नमुन्यांत काढण्यात आली असून ती सर्व वैध चलन आहेत. रुपयाचे नवे चिन्ह असलेली नाणी २०११ नंतरची, त्यापूर्वीच्या नाण्यांवर ते असणे शक्यच नव्हते. तरीही अफवा फिरली, कारण नाणे हातात घेऊन पाहण्याऐवजी लोकांनी नाण्याविषयीचा संदेश पाहिला.

येथे जुन्या पेढ्यांची आठवण होणे साहजिक आहे. शाहजोग हुंडी घेऊन कोणी दारी आला, तर तिची रक्कम बाजारात पत असलेल्या शाहालाच मिळे. हुंडी कोणी लिहिली, कोणावर लिहिली, मध्ये कोणाकोणाच्या हातून आली, मुदत कोणती, हे पाहिल्यावाचून मुनीम तिजोरीला हात लावीत नसे. कागदावरचे अक्षर सुंदर आहे किंवा आणणारा ओळखीचा आहे, एवढ्याने काम भागत नसे. आजही गोंदियाच्या भातगिरणीत धानाचे पोते आले, की मूठभर धान तळहातावर चोळून, दाणा दाताखाली धरून ओलावा पाहिला जातो. ज्या घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अशी पारख केली, त्याच घरातील मोबाइलवर बिनसहीचा, बिनतारखेचा संदेश येतो आणि वाचून संपण्याआधीच पुढे पाठविला जातो. हुंडीची पारख अंगात आहे. ती पडद्यावरच्या शब्दाला लावायची एवढेच शिकायचे आहे.

चार प्रश्न

मुलांना हे शिकवावे कसे? पाठशाळेत जाणाऱ्या मुलाला द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव हे चार शब्द नवे नाहीत. कोणतेही विधान या चार अपेक्षांनी पाहावे, ही जैन विचाराची जुनी रीत. एका अपेक्षेने जे खरे, ते दुसऱ्या अपेक्षेने खरे असेलच असे नाही. मोबाइलवरील संदेशापुढे हेच चार शब्द प्रश्नांच्या रूपाने उभे करता येतात.

द्रव्य : संदेश नेमका कशाविषयी आहे, आणि ती मूळ वस्तू पाहता येते का? दहा रुपयांच्या नाण्याविषयी संदेश आला, तर गल्ल्यातील नाणी काढून मुलांपुढे मांडावीत. रेषा मोजू द्याव्यात, साले वाचू द्यावीत. मग रिझर्व्ह बँकेच्या स्पष्टीकरणाशी ताडून पाहण्यास सांगावे. अर्ध्या तासात मूल जे शिकेल, ते दहा व्याख्यानांनी शिकणार नाही.

क्षेत्र : हे कोठले? चित्रातील पाट्या कोणत्या लिपीत आहेत, वाहनांच्या क्रमांकांची पद्धत कोणती, माणसांचा पेहराव कोठला? कराचीच्या चित्रफितीला हा एकच प्रश्न विचारला असता तरी पुष्कळांचा हात थांबला असता. चित्र देऊन शोध घेण्याची सोय आज प्रत्येक मोबाइलमध्ये आहे. तेच चित्र पूर्वी कोठे छापले गेले, हे तिच्यामुळे बहुधा सापडते.

काल : हे केव्हाचे? जुन्या पुराचे छायाचित्र नव्या पुराच्या बातमीसोबत फिरते, गेल्या वर्षीचा भाव आजचा म्हणून सांगितला जातो. ज्या संदेशात ‘काल’, ‘आज’, ‘आत्ताच’ असे शब्द आहेत पण तारीख नाही, तो कधीही वाचला तरी आजचाच भासतो. हेमाडपंती या शब्दाचा घोळही काळाचाच आहे.

भाव : शास्त्रचर्चेत भाव म्हणजे वस्तूची अवस्था. विद्यार्थ्यांसाठी त्याचा अर्थ थोडा विस्तारून मनाच्या अवस्थेपर्यंत नेता येईल. हे वाचून मनात काय उसळले : भीती, संताप, लोभ की अभिमान? ज्याने हे लिहिले, त्याला नेमके हेच उसळावे असे वाटत होते का? युनेस्कोने आपल्या राष्ट्रगीताला जगात सर्वोत्तम ठरविले, हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे. युनेस्कोने असे काही ठरविलेले नाही. परंतु अभिमान सुखावणारी गोष्ट तपासावी, असे कोणाला वाटत नाही. मनाला गोड लागणारी बातमी अधिक काळजीने तपासावी लागते, हा या चौथ्या प्रश्नाचा धडा.

पानाबाहेर पडून पाहणे

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी २०१७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. इतिहासाचे दहा पीएच.डी.धारक अभ्यासक, बातम्यांची सत्यता तपासणारे दहा व्यावसायिक आणि त्याच विद्यापीठातील पंचवीस विद्यार्थी, अशा पंचेचाळीस जणांना काही संकेतस्थळे दाखवून कोणते विश्वासार्ह ते ठरविण्यास सांगण्यात आले. त्यात मुलांच्या डॉक्टरांच्या दोन संघटनांची संकेतस्थळे होती. एक १९३० पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी जवळपास तशाच नावाची, पण तिच्यातून फुटून निघालेल्या एका छोट्या गटाची. विद्यार्थ्यांनी पाने बारकाईने वाचली, मांडणी पाहिली, संदर्भ पाहिले, आणि त्यांतील अनेक जण फसले. इतिहासाच्या अभ्यासकांनाही अडचण आली.

तपासणी हा ज्यांचा व्यवसाय होता, ते मात्र त्या पानावर रेंगाळलेच नाहीत. त्यांनी लगेच दुसरी खिडकी उघडली आणि या संघटनेविषयी इतर लोक काय म्हणतात ते पाहिले. पान स्वतःविषयी काय सांगते यापेक्षा बाजार त्या पानाविषयी काय सांगतो, हे त्यांनी आधी विचारले. व्यापाऱ्याला ही रीत नवी वाटणार नाही. नव्या गावच्या पार्टीला उधारीवर माल देण्यापूर्वी तिच्याच तोंडून तिची कीर्ती कोण ऐकत बसतो? त्या गावातील दोन जुन्या दुकानांत चौकशी होते. तीच चौकशी मुलाला शिकवावयाची आहे.

आपल्या देशातही असे शिक्षण शाळेत दिले गेले आहे. केरळातील कण्णूर जिल्ह्यात गोवर-रुबेला लसीविषयीच्या अफवांमुळे पालक लस नाकारू लागले होते. त्या अनुभवानंतर २०१८ मध्ये तत्कालीन जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली यांच्या पुढाकाराने दीडशे सरकारी शाळांत ‘सत्यमेव जयते’ नावाचा कार्यक्रम राबविण्यात आला. खोटी बातमी म्हणजे काय, ती का पसरते, ती आली तर काय करावे, हे मुलांना उदाहरणांसह शिकविले गेले. त्यासाठी फार खर्च लागला नाही. शिक्षकांची तयारी आणि काही तासिका पुरल्या.

परीक्षा म्हणजे अश्रद्धा नव्हे

येथे एक शंका श्रद्धाळू घरांतून येते. प्रत्येक गोष्टीला ‘कशावरून?’ असे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर उद्या ती वडीलधाऱ्यांचे आणि धर्माचेही ऐकणार नाहीत.

या शंकेचे उत्तर जैन परंपरेनेच देऊन ठेवले आहे. आचार्य समंतभद्रांच्या ‘आप्तमीमांसा’ या ग्रंथाचे नावच आप्ताची, म्हणजे ज्याचे वचन प्रमाण मानावे त्याची, परीक्षा असे आहे. ग्रंथाच्या आरंभीच आचार्य भगवंतांना उद्देशून सांगतात, की देवांचे आगमन, आकाशातील गमन, चवऱ्या ढाळल्या जाणे असले वैभव मायावी लोकांपाशीही दिसते. तेवढ्यावरून आपली थोरवी मान्य करता येत नाही. जो मुनी आपल्या आराध्यासमोर उभा राहून हे म्हणू शकतो, त्याची श्रद्धा परीक्षेने कमी झाली नाही, ती परीक्षेतून तावून निघाली. लाखो लोकांनी पाहिले, कोणा मोठ्या व्यक्तीचे छायाचित्र वर आहे, मांडणी झगमगीत आहे : ही सारी आजच्या पडद्यावरील छत्रचामरेच होत.

दुसरी चूक याच्या उलट बाजूची. ‘अनेकान्त म्हणजे सगळ्यांचे थोडे थोडे खरे’ अशी सोपी समजूत करून घेऊन कोणत्याही थापेला ‘तीही एक बाजू’ म्हणून स्थान दिले जाते. स्याद्वाद असे शिकवीत नाही. विधान कोणत्या अपेक्षेने खरे आहे ते सांगा, असा त्याचा आग्रह असतो. जे विधान कोणत्याच अपेक्षेने टिकत नाही, त्याला तो आसरा देत नाही. कराचीची चित्रफीत कराचीच्या अपेक्षेने जनजागृती आहे. राईनपाड्याच्या अपेक्षेने ती निव्वळ असत्य आहे.

आणि ‘आपण कुठे लिहिले, नुसते पुढे पाठवले’ ही सबब तर श्रावकाच्या आचारात बसतच नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्य अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत चुकीचा उपदेश करणे हा मिथ्योपदेश आहे, दुसऱ्याचे एकांतातील रहस्य उघड करणे हे रहोभ्याख्यान आहे आणि खोटा लेख तयार करणे ही कूटलेखक्रिया आहे. कोणाचे खासगी छायाचित्र, कोणाच्या नावावर खपविलेले बनावट पत्र, कोणत्याही वैद्याने न सांगितलेला औषधाचा तोडगा : गटागटांतून रोज फिरणाऱ्या बहुतेक अपायकारक मजकुराला ही तीन नावे पुरतात. आणि कृत, कारित, अनुमोदित या तिन्ही प्रकारांनी दोष लागतो, हे तर पाठशाळेतले लहान मूलही जाणते.

घर हीच पहिली शाळा

तासिकेत शिकलेले घरी येऊन टिकले पाहिजे. पुष्कळदा असे होते, की मूल शाळेतून तपासण्याची रीत शिकून येते आणि घरी आजोबांच्या मोबाइलवर आलेला संदेश खोटा असल्याचे सांगते. ‘तू आम्हाला शिकवणार का?’ एवढ्या एका वाक्याने सहा महिन्यांचे शिक्षण वाया जाते. त्याऐवजी ‘कसे ओळखलेस, दाखव बरे’ असे आजोबांनी म्हटले, तर नातवाला आत्मविश्वास येतो आणि आजोबांनाही एक कला मिळते. मुलानेही चुकीची जाहीर वाच्यता गटात न करता आजोबांना बाजूला घेऊन सांगावे. विनय आणि सत्य यांत विरोध नाही.

पेढीच्या कामातही मुलांना सामील करून घेता येईल. वस्तू व सेवा कर विभागाची म्हणून एखादी नोटीस मोबाइलवर आली, तर घाबरून पैसे भरण्यापूर्वी तिच्यावरील ओळख क्रमांक विभागाच्या संकेतस्थळावर तपासता येतो. केंद्रीय विभागाने ही पद्धत २०१९ पासून आणली. आपण पोलीस किंवा तपास अधिकारी असल्याचे सांगून व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अटक’ केल्याची धमकी कोणी दिली, तर अशी अटक कायद्यात नाही, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. हे क्रमांक आणि या रीती मुलांना माहीत असल्या, तर दुपारी घरी एकट्या असलेल्या आजीला तेच आधार होतील.

सामायिकाला अठ्ठेचाळीस मिनिटे लागतात. संदेश पुढे पाठविण्यापूर्वी त्यातील दोन मिनिटांचा संयम पुरेसा आहे. तेवढ्यात संताप ओसरतो, चार प्रश्न आठवतात आणि अंगठा मागे येतो.

नागऱ्याच्या मंदिरासमोर पुन्हा एकदा प्रकल्पवही घेऊन एखादी विद्यार्थिनी उभी राहील. ‘हेमाडपंती’ हा शब्द तिलाही दिसेल. तो तिने लिहावा, पण त्याच्यापुढे तीन प्रश्नही लिहावेत : असे कोण म्हणतो? कशाच्या आधारे म्हणतो? येथे लेख कोरलेला आहे का, आणि तो कोणी वाचला आहे? उत्तरे त्या दिवशी मिळाली नाहीत, तरी वही अपुरी म्हणून गुरुजींनी गुण कापू नयेत. ज्या मुलीला दगडापुढे असे थांबता येते, तिला जमावापुढेही थांबता येईल. राईनपाड्याच्या बाजारात त्या रविवारी असे थांबणारे पुरेसे लोक असते, तर पाच माणसे संध्याकाळी आपल्या मुक्कामी परतली असती.